गोळी शिरली कुठून, निघाली कुठून? फसव्या जखमा वाचण्याची विद्या

२२ नोव्हेंबर १९६३ च्या दुपारी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयात आणलं, तेव्हा त्यांच्या गळ्यावर पुढच्या बाजूला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं गोलसर भोक होतं. श्वास चालावा म्हणून डॉ. माल्कम पेरी यांनी नेमक्या त्याच जागी छेद घेतला आणि श्वासनलिकेत नळी घातली. जागा हाताशी होती, वेळ नव्हता. त्यांनी केलं ते बरोबरच केलं. अध्यक्षांचा मृत्यू झाल्यावर थोड्याच वेळात पत्रकारांनी पेरींना गाठलं. गळ्याची जखम गोळी आत शिरल्याची वाटते, असं ते बोलून गेले.

याचा सरळ अर्थ, गोळी समोरून आली. पण संशयित ली हार्वे ऑस्वाल्डने गोळ्या झाडल्या त्या मागच्या इमारतीतून, असं पोलिस सांगत होते. मग समोर कोण होतं? साठ वर्षं उलटली तरी हा प्रश्न विचारणारी माणसं थकलेली नाहीत.

त्याच रात्री वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात शवविच्छेदन झालं. पाठीच्या वरच्या भागात ७ बाय ४ मिलिमीटरची, गोळी शिरल्याची जखम मिळाली. गोळी मात्र आत नव्हती, आणि ती बाहेर पडल्याची खूणही दिसेना. गळ्यावर दिसत होता तो फक्त नळीसाठी घेतलेला छेद. डॉक्टर बुचकळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी शवविच्छेदन करणारे डॉ. जेम्स ह्यूम्स यांनी पेरींना फोन केला, तेव्हा कुठे कळलं की त्या छेदाच्या जागी आधी गोळीची जखम होती. अंगावरचे कपडेसुद्धा त्या रात्री शवविच्छेदन करणाऱ्यांच्या समोर नव्हते. पुढे कपडे तपासले गेले. पाठीवरच्या भोकाचे धागे आत वळलेले होते, शर्टाच्या कॉलरच्या बटणाखालच्या चिरेचे धागे बाहेर वळलेले होते आणि टायच्या गाठीलाही बारीक इजा होती. म्हणजे गोळी पाठीतून शिरून गळ्यातून बाहेर पडली होती. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने नेमलेल्या नऊ न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या मंडळानेही बहुमताने हेच सांगितलं, आणि मूळ शवविच्छेदनातल्या त्रुटींवर कडक टीका केली.

तरी बाहेर पडल्याची जखम इतकी लहान आणि गोल कशी? हे समजून घ्यायचं तर आधी सरळसाध्या जखमेची ओळख करून घ्यायला हवी. डॉक्टर आणि पोलिस रोजच्या बोलण्यात आत शिरल्याच्या जखमेला एंट्री आणि बाहेर पडल्याच्या जखमेला एक्झिट म्हणतात. मीही तेच शब्द वापरतो.

बंदुकीच्या नळीतून फक्त गोळी बाहेर येत नाही. तिच्यासोबत आगीचा लोळ येतो, तापलेले वायू येतात, काजळी येते आणि अर्धवट जळलेले, न जळलेले दारूचे कण येतात. गोळी कातडीला टेकते तेव्हा कातडी आधी आत ताणली जाते आणि मग फाटते. ताणलेल्या कातडीला घासत गोळी आत जाते, त्यामुळे भोकाच्या कडेने खरचटल्याची बारीक लालसर-तपकिरी कडा उमटते. गोळीवरचं तेल, काजळी आणि शिशाचा मळही तिथेच पुसला जातो. अंगावर कपडा असेल तर हा मळ कपड्यावर राहतो. गोळी निघून गेली की कातडी पुन्हा आखडते. म्हणूनच कातडीवरचं भोक मोजून गोळी किती बोअरची होती ते सांगता येत नाही. सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यावर विसंबू नये.

बाहेर पडताना गोळी कातडीला आतून ढकलते. बाहेर आधार नसतो, कातडी फुगते आणि फाटते. कडा बाहेर वळतात, भोक वेडंवाकडं होतं, खरचटल्याची कडा नसते. गोळी तोवर चेपलेली, आडवी झालेली असते आणि कधी हाडाचे तुकडे सोबत घेऊन निघते, म्हणून एक्झिट बहुधा मोठी असते. ‘लहान ती एंट्री, मोठी ती एक्झिट’ हा ठोकताळा इथून आला.

आता केनेडींच्या गळ्याकडे परत येऊ. बटण लावलेली कॉलर आणि वर घट्ट टाय. गोळी आतून कातडीला ढकलत होती तेव्हा बाहेरून कापडाच्या घड्यांनी तिला आधार दिला. कातडीला फुगून फाटायला जागाच मिळाली नाही, म्हणून भोक लहान आणि गोल राहिलं. पाठ भिंतीला टेकलेली असेल, माणूस जमिनीवर पडलेला असेल, कमरेला जाड पट्टा असेल किंवा ब्राची घट्ट कड असेल, तरी असंच घडतं. कातडी आधार आणि गोळी यांच्यामध्ये चिरडली जाते आणि एक्झिटच्या कडेलाही खरचटतं. वरवर पाहणारा तिला एंट्री म्हणून मोकळा होतो. लक्षपूर्वक पाहिलं तर ही खरचट वेडीवाकडी आणि भोकाच्या मानाने जास्त रुंद असते, आणि कधी तिच्यात कापडाची वीणसुद्धा उमटलेली दिसते. फरक बारीक आहे, पण तो पाहावाच लागतो. आरोपीने समोरून गोळी घातली की पाठमोऱ्या माणसाला मारलं, हे इथे ठरतं.

उलटी फसगत डोक्याच्या जखमेत होते. नळी कपाळाला टेकवून गोळी झाडली तर वायू गोळीमागोमाग कातडीखाली शिरतात. खाली कवटीचं हाड, वायूंना पसरायला वाट नाही. कातडी क्षणभर हाडापासून उचलली जाते, फुगते आणि ताऱ्यासारखी चहूबाजूंनी फाटते. ही एंट्री पलीकडच्या एक्झिटपेक्षा मोठी आणि भयानक दिसते. इथे आकाराकडे पाहायचंच नसतं. कातडीच्या फाटलेल्या पाकळ्या जुळवून पाहिल्या की मधे गोल भोक सापडतं, आत हाडावर काजळी असते आणि वायूंतल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे आतलं मांस चेरीसारखं लाल दिसू शकतं. नळीच्या तोंडाचा ठसाही कातडीवर उमटलेला असू शकतो. तळहात आणि तळपाय यांच्यावरही एंट्री ताऱ्यासारखी फाटते आणि तिथे खरचटल्याची कडा नसते, कारण तिथली कातडी जाड असते.

कातडी गोंधळात टाकते तेव्हा हाडाला विचारावं. कवटीला बाहेरचा आणि आतला असे दोन थर असतात. गोळी ज्या थरात आधी शिरते तिथे भोक स्वच्छ, धारदार कडांचं असतं, आणि ज्या थरातून बाहेर पडते तिथे हाडाचे कपचे उडून भोक रुंद, उतरत्या कडांचं होतं. म्हणून एंट्रीला कवटीच्या आतल्या बाजूचं तोंड रुंद, एक्झिटला बाहेरच्या बाजूचं. कातडी कुजून गेली, प्राण्यांनी खाल्ली, तरी हाडावरची ही खूण टिकते. वर्षानुवर्षं पुरलेल्या कवटीवरसुद्धा ती वाचता येते.

याही नियमाला अपवाद आहे. गोळी कवटीला अगदी तिरकी घासत आली तर तिचा एक भाग आत घुसतो आणि दुसरा बाहेरच्या बाहेर निघून जातो. भोक कुलपाच्या चावीछिद्रासारखं दिसतं. एका टोकाला एंट्रीची खूण, दुसऱ्या टोकाला एक्झिटची, आणि दोन्ही एकाच भोकात. हे माहीत नसलेला डॉक्टर दोन गोळ्या लागल्याचं लिहून ठेवतो. डोक्यात एकाहून जास्त गोळ्या असतील तर आधी कोणती लागली, हेही भेगांवरून कळू शकतं, कारण नंतरच्या गोळीने पडलेली भेग आधीच्या भेगेपाशी येऊन थांबते, तिला ओलांडत नाही. जर्मन न्यायवैद्यक तज्ज्ञ गेऑर्ग पुपे यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. मला या शास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. ज्या घटनेला साक्षीदार नाही, तिचा क्रम हाड सांगून जातं.

अंतराचा प्रश्न कोर्टात हमखास येतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची काजळी साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत पोचते. दारूचे कण त्याहून लांब, साधारण ६० ते ९० सेंटिमीटरपर्यंत जातात आणि कातडीत रुतून बारीक ठिपके उमटवतात, ज्याला टॅटूइंग म्हणतात. ओल्या कापसाने हलकेच पुसलं की काजळी निघून जाते, हे ठिपके निघत नाहीत, कारण कण कातडीत घुसलेले असतात. पुसण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढलेला असलाच पाहिजे. एकदा पुसलेली काजळी परत आणता येत नाही. आणि हे आकडे फक्त अंदाजाचे आहेत. शस्त्र बदललं, काडतूस बदललं, नळी आखूड असली की सगळं बदलतं. खात्रीने सांगायचं तर तेच हत्यार आणि तशीच काडतुसं घेऊन वेगवेगळ्या अंतरांवरून कापडावर गोळ्या झाडून ताडून पाहावं लागतं. महाराष्ट्रात असं काम कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतले बॅलिस्टिक्सचे लोक करतात.

ठिपकेसुद्धा फसवतात. गोळी मोटारीच्या काचेतून आली तर काचेचे कण कातडीत घुसून टॅटूइंगसारखं दिसतं आणि दुरून झाडलेली गोळी जवळून झाडल्यासारखी वाटते. भिंग घेऊन पाहिलं तर हे ठिपके ओबडधोबड आणि लहानमोठे असतात, काही काचाही मिळतात. मुंग्यांनी कुरतडलेल्या कातडीवरही असे ठिपके उठतात. उलट, गोळी उशीतून किंवा जाड जॅकेटमधून आली तर काजळी आणि कण तिथेच अडकतात, कातडी स्वच्छ राहते आणि जवळची गोळी दुरून आल्यासारखी भासते. कपडे पाहिल्याशिवाय अंतर सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

गोळी वाटेत दुसऱ्या कशाला लागून आली तर काय होतं? नळीच्या आतल्या वळणदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती गरगरत जाते आणि भोवऱ्यासारखी सरळ राहते. ठेच लागलेला भोवरा जसा डोलायला लागतो, तशी भिंत, दरवाजा किंवा दुसऱ्याचं शरीर पार करून आलेली गोळी डोलते, आडवी होते. तिची एंट्री गोल नसते. ती लांबट किंवा फाटकी असते, आणि खरचटल्याची कडा एका बाजूला जाड, दुसरीकडे जवळजवळ नसतेच. केनेडींच्या पुढे बसलेले गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या पाठीवरची जखम अशीच लांबट होती. ती गोळी आधी दुसऱ्या कशातून तरी जाऊन आली होती, याचा तो एक पुरावा धरला गेला.

आपल्याकडे या अडचणीला गावठी कट्ट्याची जोड आहे. स्टीअरिंगच्या दांड्याची किंवा पाण्याच्या पाइपाची नळी, आत खाचा नाहीत, आणि जे काडतूस बसेल ते घालायचं. गोळी नळीपेक्षा बारीक असली तर ती कडांना आपटत, डोलतच बाहेर पडते आणि अगदी जवळूनसुद्धा आडवी लागू शकते. फटींतून वायू निसटतात, त्यामुळे काजळीचा हिशोब कुठल्याच पुस्तकातल्या तक्त्याशी जुळत नाही. परदेशी ग्रंथातले आकडे कारखान्यात बनलेल्या शस्त्रांचे असतात. ते कट्ट्याच्या जखमेला लावून कोर्टात ठामपणे अंतर सांगणं धोक्याचं आहे, आणि ते सांगून आरोपीला शिक्षा होणं किंवा तो सुटणं, दोन्ही अन्यायाचंच.

छर्ऱ्यांच्या बंदुकीचं वेगळंच. जवळून छर्रे एका गठ्ठ्याने शिरतात, दुरून ते पसरतात, आणि पसाऱ्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. पण वाटेत दाराची फळी किंवा जाड कपडा लागला तर पुढचे छर्रे मंदावतात, मागचे त्यांच्यावर आदळतात आणि शरीरात शिरल्यावर ते चहूकडे विखुरतात. एक्स-रेमध्ये पसारा मोठा दिसतो, बंदूक मात्र जवळच होती. म्हणून पसारा मोजायचा तो कातडीवरचा, फिल्मवरचा नव्हे.

शवविच्छेदनात एक हिशोब पहिल्यांदा मांडावा लागतो. जितक्या एंट्री, तितक्या एक्झिट आणि आत सापडलेल्या गोळ्या मिळून व्हायला हव्यात. जमला नाही तर शोध सुरू होतो. एकच गोळी दंडातून पार होऊन छातीत शिरते आणि तीन जखमा करते. हात शरीराला लावून, कोपरात वाकवून, मृत्यूच्या वेळी तो कसा असेल ते पाहिलं की त्या एका रेषेत येतात. एंट्री तोंडात, नाकपुडीत, कानात, काखेत किंवा दाट केसांत लपलेली असू शकते, म्हणून केस काढल्याशिवाय ‘जखम नाही’ असं लिहू नये. कधी छातीत एंट्री असते, एक्झिट नसते आणि छातीच्या एक्स-रेमध्ये गोळीही नसते. मग ती गेली कुठे? वेग संपलेली गोळी मोठ्या रक्तवाहिनीत शिरून रक्ताच्या ओघात मांडीच्या धमनीपर्यंत वाहत जाऊ शकते. म्हणून एक्स-रे सगळ्या शरीराचा घ्यावा लागतो, फक्त जखमेच्या जागेचा नव्हे. कधी हिशोबापेक्षा गोळ्या जास्त निघतात. एखादी जुन्या हल्ल्यातली असते, तिच्याभोवती पेशींचं जाड वेष्टण तयार झालेलं असतं. क्वचित आधीची गोळी नळीत अडकलेली असते आणि पुढचा बार झाला की दोन्ही एकामागोमाग एकाच भोकातून शिरतात.

मुंबईतल्या नानावटी खटल्याकडे या नजरेने पाहण्यासारखं आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधून तीन गोळ्या सुटल्या आणि प्रेम आहुजांचा मृत्यू झाला. झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या, असा बचाव होता. आहुजांच्या उजव्या गळपट्टीच्या हाडाजवळ छातीत शिरलेली जखम होती, डाव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेमधून आरपार गेलेली जखम होती, डोक्याच्या डाव्या बाजूला सव्वा इंचाहून थोडी लांब, तिरकी, लांबट जखम होती. आणि डाव्या हाताच्या दोन बोटांच्या मागच्या बाजूला खरचटलेल्या जागी काळं टॅटूइंग होतं.

या काळ्या ठिपक्यांवरून एवढंच कळतं की हात नळीच्या जवळ होता. रिव्हॉल्व्हर हिसकावताना तो जवळ असेल, किंवा वार चुकवायला समोर धरला असेल. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं त्यातून काढता येतं, कारण एकटी जखम यापुढे काही सांगत नाही. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. पुढे उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. तिथे सगळ्या जखमा एकत्र मांडल्या गेल्या, आणि आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला नव्हता हेही पाहिलं गेलं. मुख्य जखमा झटापटीत अपघाताने होण्यासारख्या नाहीत, असा निष्कर्ष निघाला. त्या टॉवेलची नोंद कोणीतरी घेतली होती, हे मला त्या निकालात सगळ्यात मोलाचं वाटतं.

बहुतेक पुरावा हरवतो तो शवविच्छेदनाच्या टेबलावर नव्हे, त्याआधी, अपघात विभागात. १९९४ मध्ये ‘जर्नल ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस’ या अमेरिकी नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जीव वाचवणाऱ्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं आणि शवविच्छेदनात निघालेलं, यांची ४६ प्रकरणांत तुलना केली, तर निम्म्याहून जास्त प्रकरणांत जखमांचा अर्थ चुकलेला होता. यात त्या डॉक्टरांना दोष देण्यासारखं काही नाही. समोर माणूस मरत असताना भोकाची कडा न्याहाळायला कोणाला वेळ असतो? पण केसपेपर पुढे कोर्टात जातो, आणि त्यावरचा ‘एंट्री’ हा एक शब्द वकील वर्षानुवर्षं धरून बसतो.

म्हणून केसपेपरवर एंट्री-एक्झिट लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे. लिहावं ते फक्त दिसलेलं: ‘छातीच्या डाव्या बाजूला, स्तनाग्राच्या खाली ४ सेंटिमीटरवर, ०.८ बाय ०.६ सेंटिमीटरची गोलसर जखम. कडेने तपकिरी खरचट, खालच्या बाजूला जास्त रुंद. काजळी दिसत नाही.’ एवढं असलं की पुढचा तज्ज्ञ दहा वर्षांनीही त्यावरून विचार करू शकतो. छातीत नळी घालायची तर गोळीच्या भोकातून न घालता शेजारी नवीन छेद घ्यावा. तेवढा वेळ नसेल तर नळी कुठून घातली ते लिहावं. कपडे कापताना कात्री भोकातून नेऊ नये. गोळी काढताना धातूचा चिमटा वापरला तर नळीच्या खाचांचे तिच्यावर उमटलेले ठसे बिघडतात, मग ती कोणत्या हत्यारातून सुटली हे जुळवता येत नाही. बोटांनी काढावी किंवा चिमट्याच्या टोकांना रबर लावावं.

रक्ताने भिजलेले कपडे बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून नातेवाइकांच्या किंवा हवालदाराच्या हातात दिले जातात. पिशवीत ते कुजतात, बुरशी चढते, काजळी आणि दारूचे कण कापडभर पसरतात. ते सावलीत पसरून वाळवावेत, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात गुंडाळावा, घडी भोकावर पडू देऊ नये आणि लाखेच्या सीलसह पंचनाम्यात दाखवूनच पोलिसांच्या ताब्यात द्यावेत. नातेवाइकांच्या हाती आधीच पिशवी आली असेल, तर ती घरी नेऊन धुऊ नये. कपडे तसेच ठेवून तपास अधिकाऱ्याला कळवावं आणि ते जप्त केल्याची नोंद पंचनाम्यात झाली आहे का, हे सही करण्याआधी वाचून पाहावं.